विश्लेषण : शाळेत संगणक आला, तो चालू कोण ठेवणार?

सातारा आणि सांगलीच्या जिल्हा परिषद शाळांना लोकवर्गणीतून, आमदार-खासदार निधीतून, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून साहित्य मिळत आले आहे. पण वीजबिल, इंटरनेटचा रिचार्ज आणि दुरुस्ती यांसाठी पैसे कोणी द्यायचे, हे ठरलेले नाही. तिसरीपासून ‘एआय’ शिकवण्याची तयारी सुरू असताना हा प्रश्न टाळता येणार नाही.

शाळेला एलईडी टीव्ही किंवा संगणक मिळाला की कार्यक्रम होतो, फोटो निघतात, बातमी येते. तो बंद पडतो तेव्हा मात्र बातमी होत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी उतरते, प्रोजेक्टरचा दिवा जातो, संगणक सुरू होताना अडकतो. मुख्याध्यापक तालुक्याच्या गावी चौकशी करतात. दुरुस्तीचा खर्च ऐकून वस्तू पुन्हा कपाटात जाते आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये तिची नोंद ‘आहे’ अशीच राहते.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले, की २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरीपासून पुढे कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धतीचा अभ्यासक्रम आणला जाईल. तिसरीचा वर्ग म्हणजे खेड्यापाड्यांत बहुतेक वेळा जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. त्यामुळे या शाळांतली यंत्रे किती आहेत यापेक्षा त्यातली किती चालतात, याला आता महत्त्व आले आहे.

आकडेवारी काय सांगते?

देशभरातील शाळांची माहिती ‘यू-डायस प्लस’ या प्रणालीत दरवर्षी भरली जाते. २०२३-२४ मध्ये देशातील ५७.२ टक्के शाळांत संगणक आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. २०२४-२५ मध्ये हेच प्रमाण अनुक्रमे ६४.७ आणि ६३.५ टक्क्यांवर गेले. वीज ९३.६ टक्के शाळांत पोहोचली. वर्षभरात झालेली ही वाढ चांगली आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

पण ही माहिती शाळाच भरते आणि ती वर्षातून एकदा भरली जाते. त्या दिवशी संगणक चालू असेल तर चालू. तो जुलैत बंद पडून मार्चपर्यंत तसाच राहिला, तर ते या आकड्यांत दिसत नाही. आठवड्यातून किती तास मुले संगणकासमोर बसली, एका संगणकावर किती मुले होती, दुरुस्तीला किती दिवस लागले, हेही कळत नाही. पालकाला कळायला हवे ते हेच.

योजना आहेत, मग प्राथमिक शाळा मागे का?

शाळांतील संगणक शिक्षणासाठी केंद्राची सर्वात मोठी तरतूद ‘समग्र शिक्षा’ योजनेत आहे. तिच्या निकषांनुसार एका शाळेच्या संगणक प्रयोगशाळेसाठी ६ लाख ४० हजार रुपयांपर्यंत एकरकमी आणि पुढे पाच वर्षे दरवर्षी २ लाख ४० हजार रुपयांपर्यंत आवर्ती निधी मिळू शकतो. आवर्ती म्हणजे चालवण्याचा खर्च : प्रशिक्षक, वीज, इंटरनेट, डिजिटल साहित्य. स्मार्ट वर्गांसाठी २ लाख ४० हजार रुपये एकरकमी आणि वर्षाला ३८ हजार रुपये अशी तरतूद आहे.

अडचण अशी, की ही तरतूद सहावी ते बारावीच्या वर्गांसाठी आहे. सातारा आणि सांगलीत जिल्हा परिषदेच्या शाळा प्रामुख्याने पहिली ते चौथी किंवा पहिली ते सातवीच्या. आठवीपासून पुढची मुले बहुतांशी खासगी अनुदानित शाळांत जातात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हापासून या भागात माध्यमिक शिक्षणाचा भार मोठ्या प्रमाणात अशा संस्थांनीच उचलला आहे.

त्यामुळे दिल्लीत वापरला जाणारा शब्द आणि इथली शाळा यांचा मेळ बसत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातील सर्व सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटमार्फत ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. ज्या राज्यांत माध्यमिक शाळा सरकार चालवते, तिथे ती मोठी घोषणा आहे. आपल्याकडे सरकारी शाळा म्हणजे मुख्यतः प्राथमिक शाळा. ‘सरकारी’ हा निकष तिला लागू होतो, ‘माध्यमिक’ हा होत नाही. भारतनेटची तार ग्रामपंचायतीपर्यंत येते. तिथून दोनशे-तीनशे मीटरवरच्या शाळेपर्यंत ती कोणी न्यायची आणि महिन्याचे पैसे कोणी भरायचे, याचे उत्तर गावावर सोडलेले असते.

वर्षाला दहा हजारांत काय काय भागवायचे?

लहान शाळेच्या हाती हक्काचा पैसा एकच : संयुक्त शाळा अनुदान. ‘समग्र शिक्षा’च्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार, १०० पर्यंत पट असल्यास २५ हजार आणि २५० पर्यंत पट असल्यास ५० हजार रुपये मिळू शकतात. यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेसाठी वापरायचा असतो.

पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरातल्या किंवा माण, जत, आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत ३० पेक्षा कमी पट ही नेहमीची गोष्ट आहे. दहा हजार रुपये म्हणजे महिन्याला साधारण ८३३ रुपये. त्यात खडू, नोंदवह्या, झाडू-फिनेल, नळाची दुरुस्ती, वीजबिल आणि मग जमल्यास इंटरनेट. याउलट, प्रयोगशाळा मंजूर झालेल्या शाळेला केवळ चालवण्यासाठी मिळू शकणारी रक्कम महिन्याला २० हजार आहे. म्हणजे चोवीसपट. मोठ्या शाळेचा पट जास्त असतो, गरजही जास्त असते, हे खरे. पण बॅटरी आणि रिचार्ज यांची किंमत पट पाहून कमी होत नाही.

युनेस्कोने २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात या खर्चाकडे लक्ष वेधले होते. शिक्षणातील तंत्रज्ञानावर सुरुवातीला होणारा खर्च हा अखेरच्या एकूण खर्चाच्या जेमतेम पाव भाग असू शकतो, असे त्यात म्हटले आहे. उरलेला तीन चतुर्थांश खर्च पुढच्या वर्षांत हळूहळू होतो. आपल्याकडच्या बहुतेक देणग्या आणि निधी या पहिल्या पाव भागासाठी असतात. आमदार-खासदार निधीतून वस्तू घेता येते, तिचे वीजबिल भरता येत नाही. कंपन्यांच्या सामाजिक निधीतूनही बहुधा साहित्य येते. पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा करार क्वचितच सोबत येतो.

वीजबिलाचा तिढा काय आहे?

शाळेचा वीजजोड घरगुती दरात बसत नाही. महावितरणच्या दरपत्रकात सरकारी शैक्षणिक संस्था व रुग्णालयांसाठी ‘सार्वजनिक सेवा’ हा वेगळा वर्ग आहे. शिवाय स्थिर आकार दरमहा लागतो. मे महिन्याच्या सुटीत शाळा बंद असली तरी बिल येतेच. बिल थकले की जोड तोडला जातो. पुन्हा जोडताना थकबाकी भरावी लागते. थकीत बिलांपोटी शाळांची वीज तोडल्याचा विषय राज्यात वारंवार चर्चेला आला आहे.

अनेक गावांत ग्रामपंचायत शाळेचे बिल भरते, पण ते सरपंच आणि सदस्यांच्या इच्छेवर चालते. पंचायत बदलली की व्यवस्था बदलू शकते. सौर संच हा चांगला पर्याय आहे. माण, खटाव, जत, कवठेमहांकाळ या भागांत ऊन भरपूर आहे. पण बॅटरीवरच्या सौर संचालाही देखभाल लागते. पॅनेल पुसावे लागते आणि काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. नेट मीटर बसवले तर वापराचे बिल घटते, स्थिर आकार राहतोच. सौर संच बसवला म्हणजे वीजखर्चाचा विषय संपला, असे गृहीत धरून चालत नाही.

सातारा जिल्ह्यात १,९६० मेगावॉट क्षमतेचा कोयना प्रकल्प आहे आणि पाटणच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. राज्याला वीज देणाऱ्या जिल्ह्यात शाळेच्या बिलाची तरतूद वर्षाच्या सुरुवातीला निश्चित नसते, ही विसंगती लोकप्रतिनिधींनी लक्षात घ्यायला हवी.

आठ हजार प्रयोगशाळांचा अनुभव काय होता?

महाराष्ट्राने हा धडा एकदा घेतला आहे. केंद्राच्या ‘आयसीटी’ योजनेतून राज्यातील सुमारे ८ हजार माध्यमिक शाळांत तीन टप्प्यांत संगणक प्रयोगशाळा उभ्या राहिल्या : आधी ५००, मग २,५०० आणि नंतर ५,०००. कंपन्यांनी प्रयोगशाळा उभारायची, पाच वर्षे चालवायची आणि नंतर ती शाळेकडे हस्तांतरित करायची, अशी ती रचना होती. या काळात कंत्राटी संगणक शिक्षकही मिळाला.

करार संपला तेव्हा संगणक शाळेकडे आले आणि शिक्षक गेले. पाच वर्षे जुनी यंत्रे, संपलेली वॉरंटी आणि ती हाताळणारा माणूस नाही, अशा अवस्थेत प्रयोगशाळा शाळांच्या गळ्यात पडल्या. संगणक शिक्षकांनी कायम करण्यासाठी मुंबईत आंदोलने केली. या योजनेने हजारो मुलांना पहिल्यांदा संगणकावर बसवले, हे तिचे यश. सहाव्या वर्षाचा विचार आधीच न करणे, ही तिची उणीव. पाच वर्षांच्या प्रत्येक नव्या योजनेला हा प्रश्न विचारायला हवा.

सातारा-सांगलीत काय साधले आहे?

दोन्ही जिल्ह्यांत प्रयोगांची कमतरता नाही. माण तालुक्यातील विजयनगर या छोट्या गावाच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक बालाजी जाधव यांचे नाव शिक्षणातील तंत्रज्ञानाच्या चर्चेत नेहमी येते. २०२० च्या टाळेबंदीत बहुतेक ठिकाणी ऑनलाइन वर्गांची धडपड सुरू होती. त्यांच्या मुलांपैकी अनेकांच्या घरी स्मार्टफोन नव्हता. तेव्हा त्यांनी साध्या फोनवर कॉन्फरन्स कॉल लावून मुलांना गटागटाने शिकवले. घरात जे साधन आहे त्यावर चालणारी पद्धत शोधली, हे त्या प्रयोगाचे बलस्थान.

सातारा तालुक्यातील कुमठे बीटची गोष्ट वेगळी आहे. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले. फरशीवर आखलेली चित्रे, खडे, काड्या, आकड्यांचे पट्टे अशी साधने वापरली. राज्यभरातून हजारो शिक्षक हे वर्ग पाहायला आले. तिथे विजेवर चालणारे काही नव्हते. बदल झाला तो शिक्षकांना सतत भेटणारा, अडचण ऐकणारा आणि सोबत बसून उपाय शोधणारा अधिकारी असल्यामुळे. तंत्रज्ञानाच्या बाबतीतही नेमका असाच आधार कमी पडतो.

सांगली जिल्हा परिषदेने ‘माझी शाळा, आदर्श शाळा’ उपक्रमातून इमारती, वर्गखोल्या आणि डिजिटल साहित्य यांवर मोठे काम केले. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. ती कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली आणि डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. आज कोणताही पालक पुस्तकातला कोड मोबाइलने स्कॅन करून ‘दीक्षा’वरील साहित्य पाहू शकतो.

या सगळ्यांत एक साम्य आहे. उत्साही शिक्षक किंवा अधिकारी आहे तोवर काम जोरात चालते. शिक्षकांची बदली ठरावीक वर्षांनी होते. तो गेल्यावर पासवर्ड कोणाकडे, बिल कोण भरणार आणि बिघाड झाला तर फोन कोणाला करायचा, हे लिहून ठेवलेले नसते.

घरी मोबाइल आहे, मग शाळेत कशाला?

हा प्रश्न ग्रामसभेत हमखास येतो. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीनुसार देशातील १४ ते १६ वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरल्याचे ५७ टक्के मुलांनी सांगितले. समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सांगणारे ७६ टक्के होते. फोन वापरता येणाऱ्या मुलांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, तर मुली जवळपास २७ टक्के. घरातला फोन आधी वडिलांचा, मग भावाचा आणि शेवटी मुलीचा असतो.

कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा नियम केला. त्याची देशभर चर्चा झाली. टाळेबंदीत अभ्यासासाठी हाती आलेला फोन नंतर सुटेना, हे त्यामागचे कारण. म्हणजे घरातला मोबाइल हा शाळेतल्या संगणकाला पर्याय होत नाही. शाळेत वेळ ठरलेला असतो, शिक्षक शेजारी असतो आणि मुलीलाही मुलाइतकाच वेळ मिळू शकतो.

याचा पुढच्या आयुष्याशी थेट संबंध आहे. अभियांत्रिकीची सीईटी, जेईई मेन आणि अनेक नोकरभरती परीक्षा आता संगणकावर होतात. ज्या मुलीने माउस पहिल्यांदा परीक्षा केंद्रातच हातात धरला, तिची मिनिटे प्रश्न वाचण्याआधीच खर्ची पडतात. शहरातल्या खासगी शाळेतल्या मुलाला ही अडचण नसते.

एकच योजना सगळीकडे का चालत नाही?

या दोन जिल्ह्यांत पश्चिमेला धो-धो पाऊस आणि पूर्वेला दुष्काळ आहे. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या दुर्गम भागात पावसाळ्यात वीज वारंवार जाते आणि मोबाइलची रेंज मिळत नाही. तिथे इंटरनेटवर अवलंबून असलेले साहित्य निरुपयोगी ठरते. पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डवर उतरवून ठेवलेले साहित्य कामाला येते. कृष्णा-वारणाकाठच्या गावांनी २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले. तिथे संगणकाची खोली वरच्या मजल्यावर हवी आणि साहित्याचा विमा हवा. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. बालभारती कन्नड पुस्तके काढते; पण मराठीत जेवढे डिजिटल साहित्य शिक्षकांनी तयार केले, तेवढे महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाचे कन्नडमध्ये मिळणे कठीण.

शाळेचा आकारही पाहायला हवा. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० पटापर्यंत दोन शिक्षक असतात. दोन शिक्षक आणि चार वर्ग. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्या वर्गाला दृक्‌श्राव्य धडा लावून देता आला, तर तिथे तंत्रज्ञानाची खरी मदत होते. पण प्राथमिक शाळेत लिपिक नाही, शिपाई नाही. डिसेंबर २०२३ पासून मुलांची हजेरीही अ‍ॅपवर नोंदवायला सांगितली गेली. सरल, यू-डायस, पोषण आहार, आधार पडताळणी अशी कामे शिक्षक स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटा पॅकवर करतात. त्यांच्याकडूनच राउटर दुरुस्तीची अपेक्षा करणे व्यवहार्य नाही.

केरळने काय वेगळे केले?

केरळमध्ये २०१८ मध्ये ४,७५२ सरकारी आणि अनुदानित शाळांतील ४५ हजार वर्गखोल्या हायटेक करण्यात आल्या. आकडा मोठा आहे, पण आपल्याला उपयोगी पडेल ते खरेदीच्या पद्धतीत आहे. ‘काइट’ या सरकारी संस्थेने खरेदी करतानाच पाच वर्षांची वॉरंटी आणि विमा करारात घातला. तक्रारीसाठी कॉल सेंटर आणि पोर्टल दिले. ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर पुरवठादाराला दंड ठेवला. शाळांतील संगणकांवर मुक्त सॉफ्टवेअर वापरल्याने परवान्यांचा खर्च वाचला. शिवाय ‘लिटल काइट्स’ नावाने मुलांचे गट तयार केले. शाळेतली साधने नीट ठेवण्याचे पहिले काम ही मुलेच शिकतात.

केरळची प्रशासकीय रचना आणि शाळांचा सरासरी आकार वेगळा आहे. सगळे जसेच्या तसे इथे उचलता येणार नाही. मात्र तक्रारीचा एक क्रमांक, दुरुस्तीची मुदत आणि उशिरासाठी दंड या तीन अटी जिल्हा परिषदेच्या पुढच्या निविदेत घालायला नवा कायदा लागत नाही.

जुन्या संगणकांचे काय करायचे?

विंडोज १० या प्रणालीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. शाळांतील बरेचसे जुने संगणक विंडोज ११ साठी अपात्र ठरतात. ते लगेच बंद पडणार नाहीत, पण सुरक्षा सुधारणा मिळणार नाहीत. असे संगणक टाकून देण्यापेक्षा त्यांवर उबंटू किंवा तत्सम मोफत लिनक्स प्रणाली टाकता येते. टायपिंग, चित्रकला, गणिताचे खेळ, स्क्रॅच यांसाठी ती पुरेशी आहे.

जे खरोखर निकामी आहेत, त्यांचे निर्लेखन वेळेत व्हायला हवे. निर्लेखनाच्या कागदपत्रांना कंटाळून शाळा मोडके साहित्य वर्षानुवर्षे सांभाळते. त्यात एक खोली अडकते आणि कागदावर शाळेत ‘संगणक आहेत’ असे दिसत राहिल्याने नवीन मागणीही मागे पडते.

काय करता येईल?

पहिले, केंद्र पातळीवर फिरता तंत्रज्ञ नेमता येईल. प्रत्येक शाळेला स्वतंत्र माणूस देणे शक्य नाही, पण प्राथमिक शाळांची केंद्रे आधीच आहेत. काही केंद्रांसाठी मिळून आयटीआय झालेला एक तरुण ठरलेल्या दिवशी शाळांत जाईल, बॅटरी-केबल-प्रणाली तपासेल आणि वहीत नोंद करेल. पशुवैद्यकीय दवाखान्याचा माणूस वस्तीवर जातो, तशी ही सेवा असावी. तालुक्याच्या गट साधन केंद्रात माहिती भरण्यासाठी कंत्राटी कर्मचारी आहेतच. दुरुस्तीसाठी एक माणूस वाढवणे अवघड नाही.

दुसरे, चालवण्याच्या खर्चाला वेगळे शीर्ष द्यावे. वीज, इंटरनेट आणि दुरुस्तीची रक्कम पटावर न ठरवता शाळेतील साधनांवर ठरवावी. जिल्हा परिषदेचा स्वनिधी, जिल्हा नियोजन समिती आणि ग्रामपंचायतीचा विकास आराखडा यांतून ती उभी करता येईल. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात ग्रामपंचायतींना ४० टक्के रक्कम अबंधित होती. गावाने ठरवले तर शाळेचे इंटरनेट अशा आराखड्यात बसू शकते.

तिसरे, देणगी घेताना अट असावी. दात्याने वस्तूसोबत किमान तीन वर्षांची देखभाल द्यावी. दहा टीव्ही देण्यापेक्षा सहा टीव्ही आणि त्यांची देखभाल देणारा दाता शाळेच्या अधिक उपयोगाचा.

चौथे, शिक्षकांना प्रशिक्षणानंतरही सोबत हवी. एकदिवसीय प्रशिक्षणात अ‍ॅप दाखवले जाते. वर्गात ते अडते तेव्हा विचारायला कोणी नसते. सातारा जिल्ह्याची फलटण येथील आणि सांगलीची अशा दोन्ही डायट संस्थांनी तंत्रस्नेही शिक्षकांना महिन्यातले काही दिवस शेजारच्या शाळांसाठी मोकळे केले, तर कुमठे बीटसारखी साथ या क्षेत्रातही उभी राहू शकते.

या सगळ्याला पैसे लागतील. पटसंख्या कमी असलेल्या शाळांवर इतका खर्च कशाला, असा सवालही होईल. त्याचे उत्तर सोपे आहे : वस्तू देण्यावर खर्च आधीच होतो आहे. देखभाल न केल्याने तो वाया जातो.

पालकांनी काय विचारावे?

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. पुढच्या बैठकीत हे प्रश्न विचारता येतील :

– शाळेत किती संगणक, टीव्ही, प्रोजेक्टर आहेत आणि आज त्यातले किती चालू आहेत?

– माझे मूल आठवड्यातून किती वेळ संगणकावर बसते? मुलींना तेवढाच वेळ मिळतो का?

– वीजबिल आणि इंटरनेटचे पैसे कोण भरते? पुढच्या वर्षीची तरतूद झाली आहे का?

– बिघाडाची तक्रार कोणाकडे केली, कोणत्या तारखेला, आणि त्याचे लेखी उत्तर आहे का?

– वॉरंटीची कागदपत्रे आणि पासवर्ड मुख्याध्यापकांच्या कपाटात आहेत का, की बदलून गेलेल्या गुरुजींच्या मोबाइलमध्ये?

उत्तरे बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत आणि त्याची प्रत केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. शिक्षकांना धारेवर धरण्यासाठी हे प्रश्न नाहीत. त्यांच्या हातात पैसा आणि माणूस नसतो, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. पण नोंद झाली की मागणी कागदावर येते आणि कागदावरची मागणी अर्थसंकल्पापर्यंत जाऊ शकते. जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प दरवर्षी मार्चमध्ये मांडला जातो. त्याआधी हे इतिवृत्त तालुक्याला पोहोचले, तर पुढच्या जूनमध्ये शाळा उघडताना कपाटातला संगणक बाहेर येण्याची शक्यता वाढेल.